दुकानाची वही परगावी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात व्यापारविषयक सत्रात केलेले भाषण. वेळेअभावी बोलताना गाळलेला काही भाग येथे पुन्हा घातला आहे.)



‘लहान धंदा आणि क्लाउड’ या विषयावर बोलण्यासाठी कार्यकारी मंडळाने मला उभे करावे, याचे तुम्हांला जेवढे आश्चर्य वाटत असेल त्याहून अधिक मला वाटत आहे. मी जुन्या अकरावीची परीक्षा उत्तीर्ण झालेला मनुष्य. पुढे दोन वर्षे अध्यापनाचे प्रशिक्षण आणि मग चाळीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून पाढे व शुद्धलेखन, एवढीच माझी पुंजी. चिटणीसांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “तज्ज्ञ बोलला म्हणजे कोणाला काही कळत नाही, म्हणून तुम्हीच बोला.” हा माझा गौरव होता की उपहास, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही.

संगणकाशी माझा संबंध आला तो सेवानिवृत्तीनंतर. २०१७ साली मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी १ जुलैला वस्तू व सेवा कर लागू झाला. वडील बंधूंनी निरोप धाडला, “घरी बसून काय करणार? दुकानात येत जा. दिवाणजींना हाताखाली विश्वासाचा माणूस हवा आहे.” तेव्हापासून मी चिपळूणच्या बाजारपेठेतील आमच्या दुकानात बसतो. दुकान घरबांधणीच्या सामानाचे: सिमेंट, पत्रे, रंग, नळ, खिळे, कड्या-कोयंडे. वडिलांनी सुरू केले, दादांनी वाढविले आणि आता पुतण्या पाहतो. गोदाम खेर्डीला आहे.

हिशेबाची कीर्द-खतावणी २००७ सालापर्यंत लाल बासनात असे. त्या वर्षी ती संगणकावर गेली. दुकानाच्या मागील खोलीत एक मोठे यंत्र आले. त्यास सर्व्हर म्हणतात. गल्ल्यावरचे, दिवाणजींपुढचे आणि पुतण्यापुढचे असे सारे संगणक तारेने त्यास जोडलेले. हिशेब मात्र एकट्या सर्व्हरच्या पोटात. पाणवठा एक आणि घागरी चार, अशी ती व्यवस्था होती. सर्व्हरला वीज अखंड लागे म्हणून यूपीएस, त्याच्या बॅटऱ्या दर दोन-तीन वर्षांनी नव्या, उन्हाळ्यात खोलीला वातानुकूलन, आणि काही बिघडले की रत्नागिरीहून कारागीर. दादा म्हणत, “घरात गाय बाळगावी तसे याचे सारे करावे लागते, दूध मात्र काढता येत नाही.”

त्या यंत्रात दोन डिस्का होत्या. एकीवर जे लिहिले जाई ते तत्क्षणी दुसरीवर उमटे. यंत्र विकणाऱ्याने आम्हांस सांगितले होते की, एक बिघडली तरी दुसरी आहेच, चिंता नको. यातला अर्धाच भाग खरा होता. आरशासमोर उभ्या माणसाच्या गालाला काजळ लागले, तर आरशातल्या गालालाही ते लागतेच. २०१९ साली दिवाणजींच्या हातून एका मक्तेदाराचे अख्खे खाते पुसले गेले. ते दोन्ही डिस्कांवरून एकदमच पुसले गेले. जोडडिस्क निराळी आणि राखीव प्रत निराळी, हे त्या दिवशी कळले. मग पुतण्याने हातात मावेल अशी एक सुटी डिस्क आणली आणि दर शनिवारी हिशेबाची प्रत तीवर उतरवून घरी नेण्याचे काम माझ्याकडे दिले. माझे घर टेकडीच्या उतारावर, उंच जागी आहे. शिक्षक वक्तशीर असतो, हा त्याचा समज होता.

आता मला जे सांगावयाचे आहे ते थोडे अवघड आहे. १७ जुलै २०२१ हा शनिवार होता. मी नेहमीप्रमाणे प्रत उतरविली. बाहेर पाऊस असा कोसळत होता की छत्री उघडणे व्यर्थ. माझ्या मनात आले, पिशवीतून नेताना डिस्क भिजेल, सोमवारी नेऊ. म्हणून मी ती दुकानातच, दिवाणजींच्या मेजाच्या खणात ठेवली. सोमवारी विसरलो. मंगळवारी आठवले, पण पाऊस होताच. बुधवारी रात्रभर पाऊस झाला आणि गुरुवारी, २२ जुलैच्या पहाटे, वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत आले.

त्या पुराचे वर्णन मी येथे करणार नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे आमचे नुकसान ते काय! आमच्यापुरते एवढेच सांगतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर दादांनी दुकानातील भिंतीवर पाण्याच्या खुणेशी तांबड्या रंगाची रेघ ओढून ठेवली होती आणि त्या रेघेच्या वर हातभर उंचीवर कडाप्प्याची फळी बसवून तिच्यावर सर्व्हर ठेवला होता. सोळा वर्षांनी पाणी ती रेघ ओलांडून, फळी ओलांडून, वर गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही आत शिरलो, तेव्हा सिमेंटच्या गोण्यांचे धोंडे झालेले होते आणि सर्व्हरच्या पेटीतून गाळ ओघळत होता. खण उघडण्यासाठी मला पहार लावावी लागली. सुटी डिस्क आतच होती. ती भिजू नये म्हणून मी तिला तेथे ठेवली होती.

दोन्ही डिस्का व ती सुटी डिस्क पुण्यास एका कारागिराकडे धाडल्या. महिन्याने त्या परत आल्या, “काही निघत नाही” या चिठ्ठीसह. दादा मला एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

मग हिशेब नव्याने उभा करण्याचे काम सुरू झाले, आणि त्यात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती या विषयाच्या मुळाशी आहे. ३१ मार्चपर्यंतचा ताळेबंद आमच्या सनदी लेखापालांकडे होता. त्यांचे कार्यालय रत्नागिरीस, म्हणून तो वाचला. त्यानंतरची खरेदी सरकारच्या जीएसटी पोर्टलवर दिसत होती, कारण माल देणाऱ्यांनी आपापली बिले तेथे भरलेली होती. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना आम्ही केलेली विक्रीही, जूनअखेरपर्यंतची, बिलवार तेथे होती. बँकेत आलेले पैसे बँकेच्या उताऱ्यावर होते. अर्थात आमच्या वहीची अर्धी पाने, आम्ही न नेताच, आधीच परगावच्या यंत्रांवर जाऊन बसलेली होती; आणि नेमकी तीच पाने वाचली. जे आम्ही घरात, आपल्या नजरेखाली, कुलपात ठेवले, तेच तेवढे गेले.

जे गेले ते कोणते? जुलैचे तीन आठवडे, आणि किरकोळ गिऱ्हाइकांची उधारी. फुटकळ विक्रीची पोर्टलवर एकत्रित बेरीज जाते. कोणी काय नेले, कोणाचे किती राहिले, हे तेथे नसते. टाळेबंदी उठून जूनमध्ये दुकाने उघडली होती. पावसाळ्यापूर्वी छपरे शाकारण्याची घाई होती आणि लोकांच्या हाती पैसा नव्हता. म्हणून त्या महिन्यात उधारी नेहमीपेक्षा पुष्कळ दिली गेली होती. दिवाणजींना काही तोंडपाठ होते, दादांना काही. उरलेले वाशिष्ठीने नेले.

पुरानंतर नवव्या दिवशी नदीपलीकडच्या गावचा एक गवंडी आला. त्याच्या स्वतःच्या घराची एक भिंत कोसळली होती. तो म्हणाला, “शेट, माझ्याकडे तुमचे चौदा गोण्यांचे राहिले आहेत. लिहून घ्या, नाहीतर मी विसरेन आणि तुम्हीही विसराल.” दादांनी लिहिण्यासाठी कागद शोधला, दुकानात कोरडा कागद नव्हता. शेवटी भिंतीवर, त्या तांबड्या रेघेच्या खाली, खिळ्याने त्याचे नाव व आकडा कोरून ठेवला. तो गेल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत आणखी कितीतरी माणसे तशीच आली. काही आली नाहीत. त्यांची नावे मला पाठ आहेत, परंतु ती कधीही उच्चारू नयेत अशी दादांची ताकीद आहे, आणि ती मी पाळतो.

याची दुसरी बाजू अधिक नाजूक होती. काही गिऱ्हाइकांनी पत्र्यांसाठी आगाऊ रकमा दिल्या होत्या. त्यांच्या पावत्याही पुरातच गेल्या होत्या. ते सांगतील तो आकडा मानणे एवढेच आमच्या हाती होते. एका बाईंनी सांगितलेली रक्कम दादांना शंकास्पद वाटली, तरी त्यांनी माल दिला. पुढे तिची पावती तिच्या माहेरी सापडली. रक्कम बरोबर होती. दादा त्या दिवशी जेवले नाहीत. वही नसली म्हणजे आपण दुसऱ्याला फसवू ही भीती नसते. आपण प्रामाणिक माणसावर संशय घेऊ, ही भीती असते. दुकानाची पत याच गोष्टीने जाते.

२०२२ च्या उन्हाळ्यात पुतण्याने विषय काढला: नवा सर्व्हर घेऊ नये, हिशेब क्लाउडवर न्यावा. ‘क्लाउड’ म्हणजे ढग, हे इंग्रजी शिकलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पण या नावाने पुष्कळ घोटाळा केला आहे. ढगात काहीही ठेवलेले नसते. ती पृथ्वीवरचीच पक्की इमारत असते. तीत हजारो यंत्रे मांडलेली, वीज दुहेरी, शिवाय डिझेलची जनित्रे, थंडावा अहोरात्र, आणि दारावर पहारा. त्या यंत्रांचा एक हिस्सा आपण मासिक भाड्याने घ्यावयाचा आणि तारेवरून वापरावयाचा. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली अशी भाडोत्री साठवण व भाडोत्री यंत्रे देण्यास प्रारंभ केला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आपली केंद्रे उघडली. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईस. म्हणजे आमच्या वहीस फार तर मुंबई-पुण्यास जावयाचे होते; तेथे आपल्या ज्ञातीतील निम्मी मुले पूर्वीच गेलेली आहेत.

दादांनी विरोध केला. “घरची वही परक्याच्या घरी? उद्या त्याने दार लावून घेतले तर?” पुतण्या हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न योग्य होता. जुलै २०२५ मध्ये तो खराही ठरला. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अचानक थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. आमच्या खिळ्यांच्या दुकानावर कोणी निर्बंध घालणार नाही हे खरे. परंतु भाडे भरण्याचे कार्ड बाद झाले, मध्यस्थ दलाल गाव सोडून गेला, खात्याचा पासवर्ड हरवला, तरी दार तसेच बंद होते. म्हणून दादांचा प्रश्न आम्ही टाळला नाही. त्याचे उत्तर तयार करूनच पाऊल उचलले. ते उत्तर पुढे सांगतो.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, परगावी रिकामे यंत्र भाड्याने घेऊन त्यावर आपलाच ओळखीचा हिशेबाचा कार्यक्रम चालवावयाचा. ही खोली भाड्याने घेऊन आपला स्वयंपाक आपण करण्यासारखी. दुसरी, हिशेबाचा कार्यक्रमही त्यांचाच वापरावयाचा, ही खानावळ. भांडी घासणे नाही, पण भाजी ते करतील ती. तिसरी, यंत्र दुकानातच ठेवावयाचे आणि रोज रात्री त्याची कुलूपबंद प्रत तेवढी परगावी धाडावयाची. ज्याचा एकच संगणक आहे, ज्याच्याकडे दोनच माणसे काम करतात, त्याने सरळ ही तिसरी वाट धरावी असे माझे मत आहे. सारे जग क्लाउडवर गेले म्हणून वाण्याच्या दुकानाने जावे असे नाही. आमचे गोदाम दूर, पुतण्या सतत फिरतीवर, आणि दिवाणजींना टॅली सोडून दुसरे काही येत नाही. म्हणून आम्ही पहिली वाट घेतली. त्यात हिशेब मुंबईच्या यंत्रावर चालतो. येथून फक्त बोटांचे ठोके जातात आणि तेथून पडद्याचे चित्र येते. त्यामुळे तारेचा वेग फार लागत नाही. ती मध्येच तुटता मात्र कामा नये.

हलविण्यापूर्वी घर झाडून घेतले. नव्या जागी जाताना जुन्या घरातील अडगळ कोणी गाडीत भरीत नाही. परंतु संगणकाच्या बाबतीत सगळे तसेच उचलून नेण्याचा मोह पडतो, कारण ओझे हातास जाणवत नाही. आम्ही पुनश्च उभ्या केलेल्या हिशेबातसुद्धा, एका वर्षात, एकाच मक्तेदाराची तीन खाती निघाली: एकात आडनाव आधी, एकात नंतर, आणि एकात नुसते गावाचे नाव. नोकरी सोडून गेलेल्या दोन मुलांच्या नावे आत शिरण्याची परवानगी चालूच होती. हे काम माझ्या स्वभावाचे होते. हजेरीपट जुळविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला याचा कंटाळा येत नाही.

मुहूर्ताचाही प्रश्न आला. धंदा मंद असतो तो पितृपक्षात. म्हणून पुतण्याने तेव्हाच बदल करण्याचे ठरविले. दादा म्हणाले, पितृपक्षात नवे काही आरंभायचे नाही. तोड अशी निघाली की, नकल पितृपक्षात करावी, आरंभ दसऱ्याला. ही तोड शास्त्रापेक्षा व्यवहारालाच अधिक उपयोगी पडली, कारण त्यामुळे पंधरा दिवस दोन्हीकडे एकाच वेळी हिशेब लिहिला गेला. दुकानातील जुन्या संगणकावर दिवाणजी लिहीत आणि मुंबईच्या यंत्रावर पुतण्या. रात्री दोहोंची तेरीज ताडून पाहत असू. चौथ्या दिवशी फरक आला तो पुतण्याच्या बाजूला. दिवाणजींच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान मी पाहिले, त्यामुळे पुढचे काम सोपे झाले. तोपर्यंत त्यांना वाटत होते की वही गेली म्हणजे आपणही जाणार. वस्तुतः यंत्राची निगा परगावी गेली, तरी नोंद बरोबर आहे की नाही हे पाहणारा माणूस दुकानातच लागतो. ते अजून आहेत.

आता किल्ल्यांविषयी. आमच्यासाठी हे सारे जुळवून देणाऱ्या पहिल्या गृहस्थांनी (त्यांचे नाव घेत नाही) भाड्याचे खाते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावे उघडले होते. “शेट, तुम्ही कशाला त्रास घेता?” असे ते म्हणाले. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. परंतु जागेचा करारनामा दलालाच्या नावे करून कोणी दुकान थाटीत नाही. ते खाते बंद करून आम्ही पेढीच्या नावे नवे उघडले. ते उघडण्यास दोन शिव्या आणि तीन आठवडे लागले. बंधूंनो, या भाषणातील बाकी सर्व विसरलात तरी चालेल, हे एवढे घरी गेल्यावर तपासा: तुमच्या दुकानाचे खाते कोणाच्या नावे आहे?

पासवर्डासोबत दुसरी खूण म्हणून मोबाइलवर संकेतांक येतो. ही व्यवस्था अत्यंत आवश्यक आहे, कारण तारेवर उघड्या ठेवलेल्या यंत्राचे दार जगातील चोर रात्रंदिवस हलवून पाहत असतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या एका खंडणीखोर प्रोग्रामने अनेक देशांतील संगणक कुलूपबंद केले. आपल्याच ज्ञातीतील एका व्यापाऱ्याचा हिशेब नंतर एकदा याच प्रकारच्या चोरीत सापडला, आणि त्यांनी खंडणी भरूनही तो पुरता परत आला नाही. तेव्हा दुहेरी कुलूप हवेच. पण आमच्याकडे तो मोबाइल एकट्या पुतण्याचा. तो एका लग्नाला आंबाघाटापलीकडे गेला, तेथे फोन लागेना, आणि इकडे दुकान अर्धा दिवस दाराबाहेर. त्यानंतर आणीबाणीचे संकेतांक कागदावर छापून दोन लखोट्यांत बंद केले. एक बँकेच्या लॉकरमध्ये आहे. दुसरा दादांपाशी. २०२२ च्या लक्ष्मीपूजनाला पाटावर काय मांडावे असा पेच पडला होता. यंत्र तर मुंबईला. दादांनी कोऱ्या वहीवर स्वस्तिक काढले, तीत तो लखोटा ठेवला आणि हळदकुंकू वाहिले.

तार तुटली की काय? कोकणात ती तुटतेच. एक तार जमिनीखालून, दुसरी सोय निराळ्या कंपनीच्या मोबाइल जाळ्यावरून, अशी दुहेरी व्यवस्था आम्ही केली. दोन्ही बंद पडल्या तर गल्ल्यावर कार्बनचे छापील बिलबुक आहे. त्याची क्रमांकमालिका वेगळी ठेवली आहे, कारण जीएसटीच्या बिलांचे क्रमांक मालिकेत ओळीने यावे लागतात, आणि संगणकाच्या मालिकेत मागाहून पाने घुसविली तर गोंधळ होतो. तार जोडली गेली की दिवाणजी ती बिले चढवितात. ज्या दुकानात हे बिलबुक नाही, त्याने क्लाउडवर जाऊ नये.

आणि आता दादांच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर. परगावची इमारतही इमारतच आहे. आमच्या पुरापूर्वी चारच महिने, १० मार्च २०२१ रोजी, फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या केंद्रास आग लागून एक इमारत पूर्ण भस्मसात झाली. ज्या गिऱ्हाइकांची मूळ व राखीव प्रत त्याच आवारात होती त्यांपैकी कित्येकांचे सर्वस्व गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात, डेजॉन शहरी, सरकारच्याच माहितीकेंद्रात बॅटऱ्यांनी पेट घेतला. सरकारी नोकरांच्या कामाचे कागद जेथे ठेवलेले होते त्या एका साठवणीची दुसरी प्रतच नव्हती. एवढ्या प्रगत राष्ट्राने केलेली चूक आणि मी खणात केलेली चूक एकच आहे, याने मला थोडासा धीर येतो, हे कबूल करतो.

म्हणून आमची वही तीन ठिकाणी असते. चालती प्रत मुंबईच्या यंत्रावर. दुसरी, रोज रात्री, निराळ्या कंपनीकडे, निराळ्या शहरात. आणि ती अशी की तीस दिवसांपर्यंत ती पुसण्याचा अधिकार आम्हांलाही नाही. तिसरी माझ्या घरी, टेकडीवर, डिस्कवर. ही डिस्क आता एक नसून दोन आहेत. एक घरी असल्याशिवाय दुसरी घराबाहेर पडत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मी एका जुन्या लॅपटॉपवर ती प्रत उघडतो, तेरीज काढतो आणि दुकानात फोन करून शेवटचा आकडा दिवाणजींच्या आकड्याशी ताडतो. न उघडलेली प्रत म्हणजे न तपासलेला गृहपाठ; मुलाने लिहिला आहे असे आपण मानतो, इतकेच. आजवर दोनदा प्रत उघडली नाही. एकदा डिस्कच खराब होती. एकदा नकल अर्धवट झाली होती आणि पडद्यावर मात्र ‘यशस्वी’ असे लिहिलेले होते. दोन्ही वेळा बाकीच्या दोन प्रती जागच्या जागी होत्या. उद्या कोणी दार लावलेच, तर त्या लॅपटॉपवर दुसऱ्या दिवशी दुकान उघडता येईल. हे दादांना प्रत्यक्ष करून दाखविले, तेव्हा त्यांनी विरोध मागे घेतला.

खर्चाविषयी विचारणा होईल म्हणून सांगतो. स्वस्त पडते असे जे सांगितले जाते ते आमच्या अनुभवास आले नाही. यंत्र, त्याचे परवाने, बॅटऱ्या, वातानुकूलनाची वीज व कारागीर यांचा पाच वर्षांचा खर्च एकीकडे आणि पाच वर्षांचे भाडे दुसरीकडे मांडले, तर भाडे किंचित अधिकच भरते. भाड्यावरील अठरा टक्के कराची वजावट मात्र मिळते. जास्तीचे पैसे आम्ही पुराच्या भयाबद्दल देतो.

कायद्याचे दोन शब्द. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांसाठी नियम आला की, संगणकावरील हिशेबाची राखीव प्रत दररोज भारतातीलच यंत्रावर ठेवली पाहिजे. आमची भागीदारी पेढी असल्याने तो आम्हांस लागू नाही. तरी यंत्र भारतातच असावे हे आम्ही करारात लिहून घेतले. दुसरे, जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने हिशेब जपावे लागतात. म्हणजे आज भाडे बंद करून दुसरीकडे गेलात, तरी जुनी वही उघडून दाखविता आली पाहिजे. खानावळीची वाट धरणाऱ्यांनी आत शिरण्यापूर्वीच विचारावे की, जाताना माझी वही मला कोणत्या रूपात मिळेल. विकणारा याचे उत्तर पटकन देत नाही, असे माझ्या पाहण्यात आहे.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात पुन्हा इशारा झाला. सामान वर चढविले, दुकान बंद केले. पुतण्याने माझ्या घरी बसून खेर्डीच्या गोदामातील ताडपत्र्यांची बिले केली आणि त्या सायंकाळपर्यंत गेल्याही. पाणी त्या वेळी आले नाही. दादा शेजारी बसून पडद्याकडे पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “त्या गवंड्याचे खाते काढ.” पुतण्याने काढले. चौदा गोण्यांची नोंद होती, पुढे रक्कम जमा होती, आणि त्याखाली त्याने नंतर नेलेल्या मालाच्या नोंदी होत्या. दादांनी पान शेवटपर्यंत वाचले आणि चहा मागितला.

माझा वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी दोनदा धाडली आहे. पुतण्या मागच्या रांगेत बसला आहे; ज्यांना आपले खाते कोणाच्या नावे आहे हे पाहावयाचे असेल त्यांनी भोजनानंतर त्यास गाठावे. येताना दुकानातील यंत्रावर काय काय आहे याची यादी कागदावर लिहून आणावी, आणि आपला मोबाइल मात्र त्याच्या हाती देऊ नये.